बेलभंडार ठेवण्याची रीत

आमच्या घरात भूमिका बदलल्या जायच्या त्या चहाच्या दुसऱ्या फेरीला. पहिला चहा संपेपर्यंत सगळे आपापल्या मतावर ठाम असायचे. मग कुणीतरी कप खाली ठेवून म्हणायचं, "तसं बघायला गेलं तर..." आणि आत स्वयंपाकघरात मी पुन्हा आधण चढवायची.

गुलमंडीवर खाली आमचं कापडाचं दुकान आणि वर घर. पोलिस ॲक्शननंतर लवकरच सासऱ्यांनी ते थाटलं आणि त्याच सुमारास ते विरोधी पक्षातही शिरले. माझ्या नवऱ्याला दुकान आणि विरोधी पक्ष दोन्ही वारशानं मिळालं. दुकान बरं चालायचं. पक्षाचं म्हणाल तर सत्ता आमचा जिना कधी चढली नाही. मी शाळेत शिकवून घरी यायची तेव्हा वरच्या खोलीत सतरंजीवर शहरातले निम्मे विरोधक मांडी घालून बसलेले असायचे आणि माझी वाट बघायचे, म्हणजे चहाची.

तिथे मी काय काय ऐकलं! जन्मभर जकातीच्या नावानं बोटं मोडणारे एक गृहस्थ होते. सरकारच जकात काढायला निघालं, तशी त्यांना एका संध्याकाळी महापालिकेच्या तिजोरीची काळजी वाटू लागली. दुसरे एक पहिलीपासून इंग्रजी नको म्हणून मोर्चा काढणारे. त्यांचा नातू इंग्रजी शाळेत जाऊ लागला आणि त्यांचा विरोध फक्त सक्तीपुरता उरला. गंमत अशी की 'आम्ही मत बदललं' हे वाक्य त्या खोलीत मी कधी ऐकलं नाही. भूमिका व्यापक व्हायची, परिस्थिती बदलायची, पत्रकारांनी विपर्यास केलेला असायचा. मी तोंडाची फटकळ. एकदा बशा गोळा करता करता म्हटलं, "काल तर उलटं म्हणत होतात की!" तर जकातवाले हसून म्हणाले, "वहिनी, विरोधी पक्ष आहे आमचा. आम्ही स्वतःलासुद्धा विरोध करतो." सगळे हसले. आमचे हेही हसले. मी मनातल्या मनात ह्यांनाही त्याच सतरंजीवर बसवून टाकलं आणि कपबशा विसळायला गेले.

माझं माहेर शेंद्र्याच्या अलीकडे. वडील गेल्यावर घर थोरल्या भावाच्या हातात आलं. त्याला मी दादा म्हणते. विहिरीखालचं थोडं काळं रान आणि बाकी सगळा माळ, अशी आमची आणि साऱ्या गावाचीच शेती. शेंद्र्याला औद्योगिक वसाहत करायचं सरकारनं ठरवलं तेव्हा आमच्या गावचा माळही त्यात घ्यायचं निघालं. ह्यांना मुद्दा मिळाला, आणि तोही सासुरवाडीचा, मग काय विचारता! खंडोबाच्या देवळापुढच्या ओट्यावर उभं राहून हे असे बोलले की माळावरचे मेंढकेसुद्धा काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. शेवटी ह्यांनी गुरवाकडून बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद, तळहातावर घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ह्या गावची वीतभर जमीन जाऊ देणार नाही." मग लोकांकडे वळून म्हणाले, "आता तुम्ही." एकेक कर्ता पुरुष ओट्यावर चढला. दादा पहिला.

बेलभंडार उचलणं म्हणजे आमच्याकडे पोरखेळ नव्हे. त्याआधी गावानं तो उचलला होता रझाकारांच्या दिवसांत, पहारा कुणी सोडायचा नाही म्हणून. पुढे ॲक्शन झाली, फौज आली, पहाऱ्याची गरज संपली आणि ती शपथ आपोआप फिटली. उचललेला बेलभंडार कुणी मागे घेतला, असं गावात कधी घडलंच नव्हतं.

त्या खेपेला गाव जिंकलं. वसाहतीची हद्द आमच्या गावाला वळसा घालून गेली. दादानं ह्यांना खांद्यावर घेतलं, गुलालात माझी चांगली साडी वाया गेली. ह्यांच्या बेलभंडाराची पुरचुंडी माझ्या देव्हाऱ्यात आली आणि मी रोज तिच्याभोवतीनं पुसून घेऊ लागले.

वसाहत उभी राहिली. शेजारच्या ज्या गावांचा माळ गेला होता तिथल्या बऱ्याच पोरांना कंपन्यांत नोकऱ्या लागल्या. आमच्या गावची पोरं ठेकेदाराच्या हाताखाली, आज काम आहे तर उद्या नाही. दादाचा मुलगा त्यातलाच. माळावर कुसळं उगवत राहिली. पण हे बोलून कोण दाखवणार? जिंकलेलं गाव होतं ते.

मग काही वर्षांनी वसाहत वाढवायचं निघालं आणि पुन्हा आमच्या माळाकडे बोटं वळली. सतरंजीवर उत्साह पसरला. निवडणूक जवळ होती आणि ह्या वेळी तिकीट ह्यांनाच, हे दुसऱ्या चहाच्याही आधी ठरून गेलं. दादाचा निरोप आला, "दाजींना म्हणावं तारीख द्या, सभा लावतो."

त्याच सुमारास आमच्या लेकीसाठी स्थळ आलं. माझ्या माहेरच्या नात्यातले एक काका मध्यस्थ म्हणून जेवायला बसले होते. मुलगा देखणा, घर चांगलं, निर्व्यसनी, असं सगळं सांगून झालं. ह्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "ते सगळं ठीक. पोरगा कंपनीत पर्मनंट आहे ना? ठेकेदाराकडचा असेल तर पुढं बोलूच नका."

"पर्मनंट हाय की," काका म्हणाले. "शेंद्र्यालाच. माळ गेला त्यांचा, म्हणून तर लागला."

मी वाढत होते. माझा हात भाताच्या पातेल्यात तसाच राहिला. एरवी अशी संधी मी सोडली नसती, पण ह्यांचा चेहरा बघून माझी जीभ उचलेना. हे माझ्याकडे बघत होते. मग ताटाकडे बघू लागले. काकांना काहीच कळलं नाही, ते आमटी छान झाली म्हणाले.

काका गेल्यावर हे देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले. "मी काय विचारलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"आपल्या पोरीसाठी मला कंपनीतला पाहिजे. आणि तुझ्या भावाच्या पोराला पोरगी कोण देणार, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही."

त्यानंतर बरेच दिवस हे दुकान मुनीमजींवर टाकून एकटेच स्कूटरवर हिंडत राहिले. बरोबर कार्यकर्ता नाही, झेंडा नाही. ज्यांचा माळ गेला त्यांच्या ओसरीवर बसायचे, ज्यांचा राहिला त्यांच्याही. धुळीनं माखून घरी यायचे आणि मला सांगायचे. जमीन देऊन सगळेच सुखी झाले होते असं नव्हे. कुणी आलेला पैसा गाडीघोड्यात उडवला होता, कुणाला नोकरीचं नुसतं गाजर मिळालं होतं. ते ह्यांनी माझ्यापासूनही लपवलं नाही. "सरसकट द्या असं मी म्हणणार नाही," म्हणाले, "पण वीतभरही देऊ नका, हे जे मी म्हणालो, ते चूक होतं. मी सभेची टाळी घेतली आणि तुझ्या भाच्याची नोकरी घालवली." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तुझ्या माहेरी जायचंय. बेलभंडार परत ठेवायला."

मी भडकले. "गप्प बसता येत नाही का? तापाचं निमित्त काढा. मुंबईला जा, तिथून पत्रक काढा. बाकीचे काय करतात?"

"बाकीच्यांनी बेलभंडार उचलला नव्हता."

"दादा तुम्हाला दारात उभं करणार नाही. मलाही नाही. पोरीचं लग्न ठरतंय, तिला मांडवात कोण आणणार? मी?" आमच्यात नवरीला हाताला धरून मांडवात आणायचा मान मामाचा. मामा नसला तर लोक विचारत नाहीत, नुसते बघतात.

"माहीत आहे," हे म्हणाले. "म्हणूनच इतके दिवस लागले. तू येऊ नकोस."

"येणार. माहेर माझं आहे."

गावानं मांडव घातला होता. हलगीवाले बोलावले होते, गुलालाची पोतीसुद्धा आणून ठेवली होती. मी बायकांत, बेलाच्या झाडाखाली वहिनीशेजारी बसले. तिनं माझा हात धरून ठेवला होता. तिला वाटत होतं मी आनंदानं थरथरतेय.

ह्यांनी माइक बाजूला सारला. ओट्याच्या खाली चपला काढल्या आणि म्हाताऱ्या गुरवाला विचारलं, "बाबा, उचललेला बेलभंडार परत ठेवायचाय. रीत काय?"

गुरव ह्यांच्याकडे बघत राहिला. "उचलायची रीत ठाऊक हाय मला. ठेवायची नाय. उभ्या जन्मात कुणी ठेवाया आलंच नाय इथं."

हलगी थांबली. हे क्षणभर घोटाळले, ते मला लांबूनही कळलं. मग त्यांनी गुरवाच्या तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले. खिशातून ती पुरचुंडी काढली, गाठ सोडली. बेलाच्या पानाचा केव्हाच चुरा झाला होता. ह्यांनी तो हळदीचा चुरा तळहातावर घेतला आणि त्या सभेत म्हणाले होते ते वाक्य पुन्हा तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "ह्या गावची वीतभर जमीन जाऊ देणार नाही." दोन-चार जणांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. ह्यांनी टाळ्या थांबू दिल्या. "असं मी इथंच म्हणालो होतो," ते म्हणाले, "ते माझं चुकलं. त्यात तुमचं नुकसान झालं. परिस्थिती बदलली नाही, मी चुकलो." मग भंडारा कपाळाला लावला आणि उरलेला देवापुढे नाही, ओट्यावरही नाही, सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून तिथे डोकं टेकलं.

इतक्या वर्षांत मी ह्या माणसाच्या किती सभा ऐकल्या असतील. शिट्ट्या ऐकल्या, जयजयकार ऐकले, पडल्यावरचं मुकाट परतणंही पाहिलं. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला तो गेलाच नाही. मला ह्यांचा राग येत होता, माहेर डोळ्यांदेखत सुटताना दिसत होतं, आणि तरी असं वाटत होतं की ह्या माणसाची आणि माझी नव्यानं ओळख व्हावी, कुणीतरी मला सांगावं की हे अमुक, गुलमंडीवर ह्यांचं दुकान आहे. शेजारी वहिनीनं माझा हात सोडला होता.

मग एकच गलका उठला. "किती घेतलं?" कुणीतरी ओरडलं. "जबान दिली नि मुकरला!" गुलालाचं पोतं कुणीतरी लाथाडलं. हे पायरीपाशी उभे राहिले. म्हणाले, "घेतलं नाही. पण तुम्ही हे विचारणार हे धरूनच आलो."

दादा पुढे आला. ह्यांनी गुरवाला रीत विचारली तेव्हापासून त्यानं ओट्याकडे पाठ केली होती. आता वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "दाजी, तुमचा तुम्ही ठिवला. आमचा कोण ठिवील? तुमच्या शब्दावर उचलला आम्ही."

"तुमचा तुमच्यापाशी राहू द्या, दादा," हे म्हणाले. "तुम्हीही ठेवा असं सांगायला मी आलो नाही. मागच्या वेळी 'आता तुम्ही' म्हणालो, खरी चूक ती. आज तसं म्हणणार नाही."

दादा आणखी चिडला. "मग ऐका. जोवर ह्यो आमच्याकडं हाय, तोवर तुमचा उंबरा येगळा नि आमचा येगळा."

दादाच्या घरी वहिनीनं सकाळीच सुपात तांदूळ, नारळ, खण काढून ठेवला होता. माहेरवाशीण निघाली की तिची ओटी भरायची, ओटी न भरता तिला पाठवत नाहीत. ती सूप घेऊन दारापर्यंत आली. दादा अंगणात उभा होता. त्यानं नुसतं बघितलं. वहिनी सूप घेऊन तशीच मागे फिरली, आणि मी जीपमध्ये जाऊन बसले.

वाटेत मी ह्यांना म्हणाले, "मिळालं समाधान?" हे म्हणाले, "नाही." पुढे शहर येईपर्यंत मी रडत होते आणि अधूनमधून चोरून ह्यांच्या कपाळावरची हळद बघत होते.

तिकीट जकातवाल्यांना मिळालं. ते मुद्दाम जिना चढून सांगायला आले. "असं उघड कशाला बोललात? हळूहळू वळायचं असतं हो," म्हणाले. पुढे पावसाळा संपायच्या आत पक्षानं वसाहत वाढवायला पाठिंबा दिला, आणि आमची भूमिका पहिल्यापासून हीच होती असं पत्रक काढलं. ह्यांनी ते वाचलं आणि घडी घालून कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. सतरंजीवर आता फारसं कुणी येईना. साखर मात्र महिनाभर पुरू लागली.

लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं धरलं. मुलगा तोच, शेंद्र्याचा. माहेरी मी पत्रिका पाठवली, निरोप पाठवला, दोन्हींचं उत्तर नाही. माझ्या एका मावसभावाला मामा म्हणून उभं करावं असं ठरत होतं. मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

आणि एका दुपारी, लग्नसराईची गुलमंडी माणसांनी फुललेली असताना, दुकानातला पोरगा वर धावत आला. "बाई, तुमचे दादा आलेत. पण आत येत नाहीत."

दादा दुकानाच्या पायरीखाली, भर रस्त्यात उभा होता. उंबरा वेगळा म्हणाला होता ना, मग पायरीलाही पाय लावायला तयार नव्हता. मागून रिक्षावाले भोंगे वाजवत होते, एक बाई त्याच्या धोतराला पिशवी घासून गेली, पण हा हलेना. शेवटी आम्ही दोघंच खाली रस्त्यावर उतरलो.

"दाजी," तो म्हणाला, "ठिवला तवा आधी काय केलं व्हतं तुम्ही? मी तर पाठ करून उभा व्हतो. गुरवाला इचारलं तर तो म्हणतो, एकदाच पाहिलं, ध्यानात नाय."

हे गोंधळले. "खरं सांगू का दादा, मलाच काही आठवत नाही."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. आणि मी, त्या भोंग्यांच्या गजरात, सगळं सांगितलं. चपला कुठे काढल्या, हात कधी धुतले, वाक्य कसं जसंच्या तसं म्हटलं.

"कपाळाला आधी लावला, का ठिवल्यावर?"

"आधी. आणि ठेवला खालच्या पायरीवर. वर नाही."

दादा ओठ हलवत ते मनाशी घोकत होता. शाळेतलं पोर कविता घोकतं तसा. मला भरून आलं, पण संशयही आला. विचारलंच, "दादा, पोरीच्या लग्नासाठी करतोस का हे?"

"देवाच्या दारात सोयीचं करीन व्हय मी?" तो उसळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माळ द्यायचा का नाय ते अजून ठरंना. पण वीतभर बी देणार नाय, असं छातीवर हात ठिवून म्हणवत नाय आता. पोरगं रोज त्या गेटावर जातंय नि माघारी येतंय. मग नुसतं हातात धरून कशाला बसू? आणि दाजी, त्या दिवशी तुम्ही 'तुम्हीबी ठिवा' म्हणला असता ना, तर मरेस्तोवर ठिवला नसता मी."



तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. "तुम्हाला भ्या वाटलं व्हतं का, तवा?"

"लई," हे म्हणाले. इतकी वर्षं शहरात राहून ह्यांच्या तोंडून असं 'लई' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मग ठीक हाय," दादा म्हणाला. "मला वाटलं मलाच वाटतंय." आणि गर्दीत शिरला.

पुढं गावानं माळ किती दिला, किती राखला, ती गावाची गोष्ट आहे. भांडून, वाद घालून त्यांनी ती आपली आपण निस्तरली. लग्नाच्या सकाळी मात्र दादा आमच्या जिन्यानं वर आला. उंबऱ्यात चप्पल काढून, कपाळावर भंडाऱ्याचा पिवळाजर्द पट्टा. मागे वहिनी, डोक्यावर झाकलेलं सूप. दादा पोरीला हाताला धरून मांडवात आणत होता आणि हे लांबून त्याच्याकडे असे बघत होते की मी त्यांच्याकडे बघत राहिले.

माहेरचा आहेर झाला. वहिनीनं मला पाटावर बसवलं, सुपावरचं फडकं काढलं. त्यात दोन नारळ होते, दोन खण, तांदळाच्या दोन ढिगल्या. मला वाटलं हिचं काहीतरी चुकलं.

"आधी मागली घ्या, ताई," वहिनी म्हणाली आणि माझा पदर पुढे ओढला. "आजची मागनं भरते."